माळ त्यांच्या गळ्यात, एकादशी माझ्या ओट्यावर

प्रश्न : नमस्कार ताई. पहिल्यांदाच लिहितेय आणि मोबाईलवर टाइप करतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही साताऱ्याचे. लग्नाला ३४ वर्षं झाली, माझं वय ५८, ह्यांचं ६१. हे पाटबंधारे खात्यात होते, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि त्याच दिवाळीत सासूबाई गेल्या. पुढचे पाच-सहा महिने हे नुसते खुर्चीत बसून असायचे, एकच पेपर चार-चारदा वाचायचे, मला काळजी वाटायची. मग कॉलनीतले एक काका ह्यांना भजनाला घेऊन गेले आणि तिथून जे सुरू झालं ते आता घरच बदलून गेलंय. माळ घातली. पहाटे ४ ला उठतात, काकडा, मग ज्ञानेश्वरी, संध्याकाळी हरिपाठ, रात्री मंडळात भजन, घरी यायला साडेदहा. आषाढीला तीन आठवडे वारी. आणि आता म्हणतात यंदा आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास आळंदीलाच राहतो.

मी काही नास्तिक नाही हो. पालीच्या खंडोबाचं सगळं, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, देवघर घासणं हे ३४ वर्षं मीच केलं, तेव्हा हे बूट घालता घालता नमस्कार करायचे. माळ घातल्यापासून घरात मटण-मासे बंद, मला मासे खूप आवडतात पण बोलायची सोय नाही. एकादशीला भगर, दाण्याची आमटी, खिचडी, रताळ्याच्या फोडी सगळं मी करते, माझे गुडघे गेलेत. रिटायर झाल्यावर कोकणात जायचं, मुलाकडे बंगलोरला महिनाभर राहायचं, संध्याकाळी गॅलरीत दोघांनी निवांत चहा घ्यायचा असं आम्ही ठरवलं होतं, म्हणजे ह्यांनीच ठरवलं होतं. आता पैसे मिळालेत त्यातले ५ लाख एका धर्मशाळेच्या खोलीला द्यायचे म्हणतात. मी काही बोलले की म्हणतात तू संसारातच अडकून पडलीयेस. ते फार लागलं मला. बाहेरचे सगळे म्हणतात नशीबवान आहेस, तंबाखू सुटली, बीपी कमी झालं, असा नवरा कुणाला मिळतो. खरंच आहे ते. मग मला रडू का येतं? आणि देवाशी भांडायचं तरी कसं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती एकादशीच्या भगरीपाशी. वर्षाला २४ एकादश्या, अधिक महिना आला की २६. उपास ते करतात, पण आदल्या रात्री साबुदाणा भिजवणार कोण, दाणे भाजून कूट करणार कोण, भगर मऊ राहावी म्हणून गॅसपाशी उभं राहणार कोण, तर जिचे गुडघे गेलेत ती. म्हणजे त्यांची भक्ती तुमच्या ओट्यावर चालू आहे आणि वर तुम्हालाच ऐकायला मिळतंय की तू संसारात अडकलीस. तुम्हाला रडू येतं ते याच्यामुळे येतं असं मला वाटतं. देवाचा यात काही संबंध नाही, त्यामुळे देवाशी भांडायचं कसं हा प्रश्न तुम्ही आजपासून सोडून द्या. भांडायचं असलं तर ते भगरीवरून, वेळेवरून आणि पैशावरून भांडायचंय, आणि ते नवऱ्याशी भांडायचंय, जे तुम्ही ३४ वर्षांत कधीतरी केलं असेलच.

माझ्या घरात हेच उलटं आहे म्हणून मला दोन्ही बाजू जरा कळतात. आमच्या लग्नाला ४१ वर्षं झाली, मी हरिपाठ म्हणणारी आणि आमच्याकडे हे देव न मानणारे. ते रिटायर झाले आणि दिवसभर घरात दिसायला लागले तेव्हा पहिलं वर्ष फार वाईट गेलं. नोकरीत असताना मी संध्याकाळी दिवा लावून अर्धा तास बसायचे ते त्यांना माहीतच नव्हतं, त्याच वेळी त्यांच्या बातम्या सुरू, आवाज मोठा. मी चिडायचे, ते म्हणायचे मनात म्हण की. शेवटी एका रविवारी आम्ही बसून बोललो, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं. अर्धा तास टीव्ही बंद, आणि मी त्यांना कधीही हात जोडायला सांगायचं नाही. बस्स. पुढे मी वारीला गेले तेव्हा हे मला आळंदीला सोडून गेले, आणि वाखरीला न्यायला आले तेव्हा गाडीच्या डिकीत घमेलं, मीठ आणि थर्मासमध्ये गरम पाणी होतं, माझ्या पायाला फोड आले असणार म्हणून. देव न मानणाऱ्या माणसाने केलं हे. तेव्हापासून श्रद्धा कुणाची किती यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

आता तुमच्याकडचं. आधी त्यांच्या बाजूने बोलते, राग मानू नका. जो माणूस ३५-३६ वर्षं रोज सकाळी दहाला कुठेतरी लागत होता, ज्याची सही लागायची, ज्याला लोक साहेब म्हणायचे, त्याचं ते सगळं एका ३१ तारखेला संपलं आणि त्याच वर्षी आई गेली. खुर्चीत बसून तोच पेपर वाचणारा माणूस तुम्हीच बघितलाय. भजनात त्यांना परत कुणीतरी नाव घेऊन बोलावलं, टाळ हातात दिला, वेळेवर ये म्हणाले. तंबाखू सोडवायला लोक काय काय करतात, इथे ती माळेने सुटली. हे सगळं हिरावून घ्यावं असं तुम्ही पत्रात कुठेच म्हटलेलं नाही, ते त्यांनाही सांगा, पहिलं वाक्य तेच असू दे. कारण त्यांना बहुतेक भीती हीच आहे की बायको आता हे बंद करायला लावणार, आणि माणूस घाबरला की तू संसारात अडकलीयेस असलं काहीतरी बोलतो.

पण एक गोष्ट त्यांना सांगायलाच हवी, आणि ती वारकऱ्याला वारकऱ्याच्याच भाषेत सांगता येते. ज्या विठोबासाठी हे सगळं चाललंय तो विटेवर उभा का आहे? पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, दारात देव आला, आणि पुंडलिकाने घरचं काम टाकलं नाही, वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला. अजून थांबलाय. ही गोष्ट प्रत्येक कीर्तनात ऐकलेली असते त्यांनी. घरातल्या माणसाचं आधी आणि देव मग, हे ज्या पंथाच्या मुळाशीच आहे तिथे संसारात अडकलीस हा टोमणा बसतच नाही. वारकरी पंथात घर सोडावं लागत नाही, भगवी वस्त्रं नाहीत. एकनाथ महाराज पैठणला बायकामुलांत राहिले. नामदेवांच्या घरात तर आई, बायको, जनाबाई सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत, आणि त्यांची बायको राजाई, तिच्या अभंगांत ती घराकडे लक्ष नाही म्हणून सरळ रुक्मिणीकडे तक्रार करते. म्हणजे तुमची तक्रार सातशे वर्षं जुनी आहे ताई, आणि ती गाथेत जपून ठेवलीये. रुक्मिणीचं तरी काय, ती रुसून दिंडीरवनात गेली आणि देव तिला शोधत आला अशी कथा आहे, म्हणून पंढरपुरात दोघांची देवळं वेगळी. रुसणाऱ्या बाईला तिथे जागा आहे.

आता एकेक. एकादशीचं स्वयंपाकघर पुढच्या पंधरवड्यापासून त्यांच्याकडे. अगदी प्रेमाने सांगा, तुमचा उपास तुम्हीच रांधलात तर तो पूर्ण होईल. दिंडीत मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, साठी-पासष्टीचे पुरुष भाजी चिरतात, पंगतीला वाढतात, भांडी घासतात, तिथे कुणाला कमीपणा वाटत नाही, मग घरच्या ओट्यापाशी का वाटावा. पहिल्यांदा भगर खाली लागेल, लागू दे. तुम्ही त्या दिवशी पोळी-भाजी खाणार असाल तर तीही चोरून खाऊ नका. आणि जाता जाता एक, त्यांना शुगर असेल आणि गोळ्या चालू असतील तर उपासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, मनाने गोळी चुकवणं आणि गोळी घेऊन उपाशी राहणं दोन्ही धोक्याचं आहे, आणि साबुदाण्याने साखर चढते ती वेगळीच.

माशांचं. माळ त्यांच्या गळ्यात आहे, तुमच्या नाही. माळकरी माणसाने मांस-मासे खायचे नाहीत हा त्याचा नेम आहे, घरातल्या सगळ्यांनी सोडायचं असा नाही. आपल्याकडे गावाकडच्या कितीतरी माळकरी घरांत वेगळं पातेलं, वेगळा तवा, परसात वेगळी चूल असं अजूनही चालतं, कुणाचा नेम मोडत नाही. तुम्ही गॅलरीत एक छोटी शेगडी ठेवा, दोन भांडी वेगळी करा, आणि ते भजनाला गेले की बांगडा तळा, खिडक्या उघड्या ठेवा. ते घरी यायच्या आत वास गेलेला असावा एवढी काळजी तुम्ही घ्यायची, आणि वास राहिलाच तर त्यांनी एक शब्द बोलायचा नाही. हे दोघांनी आधी बोलून घ्या, लपून करू नका. ५८ व्या वर्षी आपल्याच घरात लपून खायची वेळ कुणावर येऊ नये.

वेळेचं मात्र नीट बसून करावं लागेल कारण खरं दुखणं तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की गॅलरीतला चहा त्यांनीच ठरवला होता. म्हणजे रिटायरमेंटनंतरचा वेळ हा दोघांच्या नावावरचा सातबारा होता आणि त्यांनी तो एकट्याच्या सहीने देऊन टाकला. देवाला दिला म्हणून कुणी बोलत नाही, मित्रांच्या पत्त्यांच्या अड्ड्याला दिला असता तर सगळी कॉलनी तुमच्या बाजूने उभी राहिली असती. त्यामुळे वेळ मागा, आणि मोघम मागू नका. मला वेळ देत जा असं म्हटलं की पुरुषांना काय द्यायचं ते कळत नाही. पाच ते सहा गॅलरी, सहाला हरिपाठ, असं सांगा. सत्तावीस अभंगांचा हरिपाठ चालीत म्हटला तरी अर्ध्या-पाऊण तासात होतो, त्यामुळे वेळच नाही असं होत नाही. रात्रीचं भजन आठवड्यातून तीनदा, बाकी चार रात्री जेवण एकत्र. आणि वर्षातले बंगलोरचे दिवस आणि कोकणाचे दिवस कॅलेंडरवर आत्ताच लिहून टाका, एकादशीच्या लाल खुणा असतात ना तशाच, तुमची वेगळ्या रंगाची खूण करा.

चातुर्मासाला माझं मत विचाराल तर यंदा नाही. वारीचे तीन आठवडे मी समजू शकते, ती त्यांची वर्षाची शिदोरी आहे. पण त्याला लागून चार महिने म्हणजे जवळजवळ पाच महिने तुम्ही गुडघे घेऊन एकट्या, हे दोघांच्या संमतीशिवाय होऊ नये, आणि तुमची संमती नाही हे तुम्ही स्पष्ट बोला, गप्प राहिलात तर ती संमतीच धरली जाते. यंदा आठ दिवस जाऊन यावं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

पैशाचं बोलताना आवाज चढवू नका, कागद घेऊन बसा. सरकारी नोकराची पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते, आणि त्यांच्यामागे तुम्हाला जी फॅमिली पेन्शन मिळेल ती साधारण ३० टक्के. नवरा-बायकोत वयाने लहान कोण, मागे राहण्याची शक्यता कुणाची जास्त, हे ओठावर आणायला जड जातं पण आणा. ५ लाख म्हणजे नुसते ५ लाख नाहीत, ते तुमच्या सत्तरीतल्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे असू शकतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आता ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं, नवरा-बायकोच्या जोड नावाने खातं उघडता येतं. मिळालेल्या पैशातला मोठा भाग तिथे लावा, आणि दान द्यायचं ते त्या व्याजातून द्या, मुद्दलाला हात लावायचा नाही. एखाद्या मुक्कामाला दिंडीची एक पंगत घाला, दोघांच्या नावाने. भिंतीवरच्या फरशीवर नाव कोरण्यापेक्षा त्या पंगतीत त्यांनी स्वतः वाढलं तर त्यांनाच जास्त बरं वाटेल असं मला वाटतं, पण ते त्यांनी ठरवावं.

आणि एक शेवटचं, हे मी तुमच्यावर ढकलत नाहीये, जमलं तर बघा. माऊलींची पालखी नीरा ओलांडून तुमच्याच जिल्ह्यात येते. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब लागतो, तिथे पहिलं उभं रिंगण होतं. साताऱ्याहून तासा-दीड तासाचा रस्ता आहे, एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. २५० किलोमीटर चालायला कुणी सांगत नाहीये. फोल्डिंगचं स्टूल घेऊन जा, रस्त्याच्या कडेला बसा, वारकऱ्यांच्या दोन ओळींमधून घोडा धावत जातो ते बघा. नवरा कुठल्या दिंडीत आहे, टाळ वाजवताना कसा दिसतो, कुणाच्या शेजारी चालतो, हे तुम्ही अजून बघितलेलं नाही ना? मला वाटतं तुम्हाला घरात जो माणूस हरवल्यासारखा वाटतो तो तिथे दिसेल. पिठलं-भाकरीचा डबा न्या, दोघांनी झाडाखाली बसून खा, आणि संध्याकाळी परत या. आषाढीच्या पहाटेची शासकीय महापूजासुद्धा रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला सोबत घेऊन होते, त्या जोडप्याला एसटीचा वर्षभराचा पास मिळतो. देवापुढे जोडीने उभं राहणं त्या गावाला नवीन नाही.

पत्र त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल. मी त्यांच्याबद्दल मागे काही बोलले नाहीये.

प्रश्न : मी निवृत्त हायस्कूल शिक्षक, वय ६८, ठाण्यात राहतो. बरीच वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होतो, आजही विचार तेच आहेत. पुढच्या महिन्यात लग्नाला ४० वर्षं होतायत आणि बायकोची इच्छा आहे की घरी सत्यनारायण करायचा, आणि जोडीने बसायचं. ४० वर्षांत तिने मला एकदाही आग्रह केला नाही, आता करतेय. मी बसलो तर मला स्वतःशी खोटं वागल्यासारखं वाटेल, नाही बसलो तर तिचं मन मोडेल. काय करावं?

उत्तर : सर, ४० वर्षांत एकदाही आग्रह केला नाही हे तुम्ही स्वतःच लिहिलंत, त्याच्यावर आधी जरा विचार करा. या चाळीस वर्षांत तिने तुमच्या सभा, शिबिरं, रात्री उशिरा येणारे कार्यकर्ते, त्यांचा चहा हे सगळं सांभाळलं असणार. त्यातलं तिला सगळंच पटत होतं का, तुम्ही कधी विचारलंत?

तरीही मी तुम्हाला बसा असं सांगणार नाही. संकल्प सोडताना तोंडाने म्हणायचं आणि मनात नाही म्हणायचं, ते तुम्हाला जमणार नाही आणि तिलाही ते नको असेल. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती निघाली तेव्हापासून डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच सांगत राहिले की आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. तुमच्या बायकोच्या पूजेत कुणाचं शोषण होत नाहीये, त्यामुळे पूजा होऊ देण्यात तुमच्या तत्त्वाला धक्का नाही. प्रश्न फक्त पाटावर कोण बसणार एवढाच आहे.

तर पूजा तिने करावी. जोडीने बसतात तेव्हा नवरा पूजा करतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावून बसते, इतकंच तिच्या वाट्याला येतं, हे तुम्ही बघितलंच असेल. या वेळी सगळी पूजा तिच्या हाताने होऊ दे. ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलेलं आहे, मुंबई-ठाण्यात आता पूजा सांगणाऱ्या बायका मिळतात, त्या अर्थ सांगून पूजा करतात आणि यजमानीण एकटी बसली तर अडवत नाहीत. तिला आधी विचारा मात्र, तुम्ही परस्पर ठरवू नका, कारण तिला कदाचित पूजेपेक्षा तुम्ही शेजारी बसणं हवं असेल. तसं असेल तर शेजारी खुर्ची टाकून बसा, कथा संपेपर्यंत उठू नका, फोन बघू नका. हात जोडा असं कुणी म्हटलं तर ती सांगेल त्यांना.

आणि प्रसाद तुम्ही करा. रवा, तूप, साखर सगळं सव्वाच्या मापाने, दूध गरम करून घ्यायचं, केळं शेवटी. रवा मंद आचेवर तुपात भाजायला निदान वीस मिनिटं लागतात, तिथून हलायचं नाही, नाहीतर खाली लागतो. आदल्या रविवारी एकदा थोड्या प्रमाणात करून बघा, तिलाच चव घ्यायला सांगा.